भोक कुठं पाडायचं नाही

लोखंडाला भोक पाडणं हे आमच्याकडं कामात धरलंच जात नाही. "साधं एक भोक तर मारायचंय," असं म्हणत गिऱ्हाईक दारात उभं राहतं आणि दोन-पाच रुपयांवरून घासाघीस करतं. आमच्या घरच्या दोन पिढ्या या साध्या भोकांवर जगल्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अब्बांची एक लेथ, एक पिलर ड्रिल आणि एक घासून घासून गुळगुळीत झालेला व्हाइस, एवढंच आमचं वर्कशॉप. शाळा सुटली की आम्ही दोघं भाऊ तिथं जायचो. एकानं ड्रिलचा दांडा खाली ओढायचा, दुसऱ्यानं तेल सोडायचं. त्या भोकांनी आमची फी भरली, बहिणींची लग्नं केली. पण भोक ही हौसेनं, पदरचे पैसे घालून, दिवसचे दिवस खपून करायची गोष्ट असते, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते कॅलिफोर्नियात.

आमच्यातला धाकटा सॉफ्टवेअरच्या नोकरीनं लॉस एंजलिसच्या पूर्वेला, पोमोनाजवळ राहतो. थोरला तीन महिन्यांसाठी त्याच्याकडं गेला होता. शेजारी एक निवृत्त गृहस्थ. वय ऐंशीच्या घरात, अंगावर कायम ऑइलचे डाग पडलेला शर्ट. आम्ही आपसात त्यांना 'चाचा' म्हणू लागलो. चाचांच्या गॅरेजात १९३२ च्या फोर्डचा सांगाडा उभा होता आणि शेजारी दोन लाकडी घोड्यांवर तिचा पुढचा ॲक्सल आडवा ठेवलेला होता. त्यावर खडूनं एक रेघ आणि रेघेवर ओळीनं वर्तुळं. मधली मोठी, टोकांकडं लहान होत गेलेली. नमाजी माणसाच्या हातातल्या तसबीहसारखी ती ओळ दिसत होती.

ॲक्सल पाहताच आम्हांला तो ओळखीचा वाटला. आपल्याकडच्या ट्रकला पुढं हाच असतो. तापवलेल्या पोलादाला घणाखाली घडवून केलेला, आडवा छेद घेतला तर इंग्रजी 'आय' अक्षरासारखा दिसणारा. वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि मध्ये उभी भिंत. मेकॅनिक लोक त्याला नुसतं 'बीम' म्हणतात. पुण्याजवळ मुंढव्याला भारत फोर्जमध्ये असे बीम घडवले जातात आणि परदेशीही जातात. तेव्हा वस्तू आमचीच होती. नवी होती ती वर्तुळं.

"ही भोकं कशासाठी?" आम्ही विचारलं.

"दिसायला," चाचा म्हणाले आणि हसले. मग म्हणाले, "आज दिसायला. माझ्या बापाच्या वेळी वेगासाठी."

त्या वेळेची हकिकत अशी. लॉस एंजलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत. पाणी आटून जमीन तव्यासारखी सपाट झालेली. १९३० च्या दशकात आसपासची तरुण पोरं भंगारातल्या जुन्या फोर्ड घ्यायची, त्यांचे मडगार्ड, टप, दिवे, जे जे काढता येईल ते काढून टाकायची आणि या तळ्यांवर नेऊन पळवायची. ताशी शंभर मैल गाठणं हे तेव्हाचं स्वप्न. फोर्डनं १९३२ साली स्वस्त गाडीत व्ही-एट इंजिन घातलं आणि या पोरांना सोन्याची खाण सापडली. पैसा नव्हता, हात होते. इंजिनाची ताकद वाढवायला खर्च लागतो, वजन कमी करायला नुसता ड्रिल लागतो. म्हणून कंसाला भोकं, पेडलला भोकं, ॲक्सलला भोकं.

हे काही त्यांच्याच डोक्यातून आलं असं नाही. मर्सिडीज कंपनीनं आपल्या एसएसके गाडीच्या चासीला जागोजागी भोकं पाडून हलकी केलेली आवृत्ती काढली होती. १९३१ ची इटलीतली मिले मिलिया ही हजार मैलांची शर्यत रुडॉल्फ काराचोला यांनी याच गाडीवर जिंकली. आणि कॅलिफोर्नियात तर विमानांचे कारखानेच होते. विमानाच्या पंखातल्या फासळ्यांना वजन कमी करायला भोकं असतातच. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यांत काम केलेल्या कितीतरी हातांना भोक कसं आणि कुठं पाडायचं हे माहीत झालं होतं. युद्ध संपल्यावर ते हात घरच्या गॅरेजात आले.

पण हिशेब करून पाहिला तर गंमत कळते. समजा, बीमच्या मधल्या भिंतीची जाडी पाव इंच आहे. तीत एक इंची भोक पाडलं तर बाहेर येतं फक्त पंचवीस ग्रॅमच्या आसपास पोलाद. बारा भोकांचं झालं तीनशे ग्रॅम. चालवणाऱ्यानं सकाळचा नाश्ता टाळला तरी तेवढं वजन वाचेल! हे चाचांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "वजनाचं निमित्त कधीच संपलं. आता ही भोकं म्हणजे सही आहे. गाडी कुठल्या घराण्यातली आहे ते सांगणारी." रस्त्यावरच्या हॉट रॉडला पुढं मडगार्ड नसतात, त्यामुळं पुढचा ॲक्सल उघडा पडतो. गाडी समोर आली की पहिली नजर तिथंच जाते. माणसाच्या कपाळाकडं जावी तशी.

छिद्रं पाडलेले नवे ॲक्सल आता बाजारात तयार मिळतात. चाचांना ते नको होतं. पोमोनाला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. आपल्या जुन्या बाजारासारखाच, फक्त जागा ऐसपैस आणि चहाऐवजी कॉफी. तिथून त्यांनी हा अस्सल जुना बीम आणला होता. त्यांना तो स्वतःच्या हातानं, स्वतःच्या घरी करायचा होता. पण हात थरथरू लागले होते. आम्ही दोघांनी बाह्या वर केल्या.

आधी ॲक्सल धुऊन लख्ख केला. मग त्यावर लाल रंगाचं पातळ द्रावण फवारलं, थोड्या वेळानं पुसून काढलं आणि वर पांढरी पूड मारली. पोलादात कुठं केसाएवढी भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. आमच्याकडं अब्बा हेच काम रॉकेल आणि खडूनं करायचे. भेग निघाली नाही. निघाली असती तर तो ॲक्सल भिंतीवर टांगायच्या लायकीचा राहिला असता, गाडीच्या नाही.

मग मध्य काढला. मध्यापासून दोन्ही बाजूंना मापं टाकली. एका टोकापासून मोजत गेलं तर चूक साठत जाते आणि शेवटच्या भोकात दिसते. बीम सरळ नसतो, थोडा कमानीसारखा असतो, म्हणून मधली रेघही पट्टीनं सरळ मारून चालत नाही. वरच्या आणि खालच्या काठापासून कंपासनं जागोजागी अर्ध काढत जावं लागतं. प्रत्येक खुणेवर पंच. पंचाचा खड्डा नसेल तर ड्रिल घसरतो आणि घसरलेला ड्रिल कुणाचंच ऐकत नाही. आधी बारीक भोक, मग त्याहून मोठं, मग शेवटचं. मशिनचा पट्टा सर्वांत सावकाश पुलीवर. एक इंची ड्रिलला अशा पोलादात मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे पुरेत. जास्त फिरवला तर धार जळते, पोलाद तापतं आणि तापलं की आणखी कडक होतं. लांबलचक बीम टेबलाबाहेर लोंबकळू नये म्हणून दोन्ही बाजूंना आधार आणि जबरदस्त शिकंजे. ड्रिल पलीकडं बाहेर पडतानाचा क्षण सर्वांत धोक्याचा. तिथं दाब कमी करायचा, नाहीतर ड्रिल अडकतो आणि मोकळा बीम मनगट मोडतो.

छिलका एकसंध, गुंडाळी होऊन, निळसर न होता येत होता. थोरल्याच्या तोंडून अब्बांचा शब्द निघाला, "वाह, पोलाद गाताय!"

भोकं पडली म्हणजे काम संपलं नाही, निम्मं झालं. काठावरची कच काढायची, दोन्ही बाजूंनी काठ तिरपा घासायचा, मग पॉलिश पेपरनं आतून गुळगुळीत करायचं. याला लोक सजावट समजतात. ती सजावट आहेच, पण तीत जीवही अडकलेला आहे. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या काठावर ताण तिपटीपर्यंत जातो. हे जर्मन अभियंता कीर्श यांनी १८९८ साली गणितानं दाखवलं. काठावर एक खरबरीत ओरखडा राहिला तर भेग तिथूनच सुरू होते. म्हणून चकाकी ही नुसती चकाकी नसते.

एक गोष्ट मात्र चाचांच्या गॅरेजात घडली आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. काम चालू असताना त्यांचा नातू आला. विशीतला पोरगा. त्याच्या मोबाइलमध्ये कुठल्याशा गाडीचा फोटो होता. त्यात भोकांची ओळ बीमच्या पार टोकापर्यंत, वळणावरसुद्धा गेली होती. "असं करू या ना! अर्धवट का सोडायचं?" त्यानं खडू घेतला आणि वळणावर दोन वर्तुळं काढली.

आम्हां दोघांचा हात एकाच वेळी पुढं गेला आणि ती वर्तुळं पुसली गेली. कुणी कुणाला विचारलं नाही.

का, ते समजावून सांगायला हवं. या जुन्या फोर्डमध्ये कमानपाटा आडवा असतो. त्याची दोन टोकं ॲक्सलच्या दोन टोकांजवळ टांगलेली असतात. गाडीचं वजन ॲक्सलवर उतरतं ते या दोन जागी आणि चाकं असतात त्याच्याही बाहेर. मधला लांब भाग वाकायला बघतो. वाकताना वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते, पण मधोमध एक रेषा अशी असते की ती दाबलीही जात नाही आणि ताणलीही जात नाही. भार नुसता उभा असेल तर मधल्या भिंतीला कापू पाहणारा जोरही तिथं जवळजवळ नसतो. म्हणून मधल्या भागात, मधल्या रेषेवर भोक पाडलं तर बीमचं फारसं बिघडत नाही. पण पाट्याच्या टांगणीपासून चाकापर्यंतचा तुकडा वेगळा. तिथं सगळा भार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चाललेला असतो. शिवाय गाडी खाली बसवण्यासाठी ते वळण तापवून ओढलेलं असतं, त्यामुळं पोलाद तिथं आधीच पातळ झालेलं असतं. ब्रेक मारला की पिळाही तिथंच पडतो. दिसायला एकच ओळ, एकच बीम. पण चार इंच अलीकडं शोभा आणि चार इंच पलीकडं मौत.

हे गणित आम्ही पुढं इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वाचलं. हात मात्र पुसायला गेला तो पुस्तकामुळं नाही. अब्बा चौथी शिकलेले. ट्रकवाले त्यांच्याकडं चासीला, कंसाला भोक मारायला यायचे. कधी हॉर्नसाठी, कधी फुलांची माळ अडकवायच्या हुकासाठी. अब्बा मशिनला हात लावण्याआधी पट्टीवरून बोट फिरवायचे. "लोहे कू पूछो पहले, फिर भोक पाडो," म्हणायचे. काही ठिकाणी साफ नकार. "वां नको रे, वां वजन बैठताय." गिऱ्हाईक चिडून शेजारी जायचं. पैसे जायचे. आणि कधी उलटही व्हायचं. भेग पडलेला पत्रा आला की अब्बा भेगेच्या अगदी टोकाला एक बारीक गोल भोक मारायचे, म्हणजे भेग तिथं थांबते, पुढं पळत नाही. आम्ही चकित व्हायचो. तुटणाऱ्या वस्तूला आणखी एक भोक आणि ती वाचते! टोकदार भेगेला गोल काठ मिळाला की ताण पसरतो, हे त्यामागचं शास्त्र. अब्बांना शास्त्राचं नाव माहीत नव्हतं, शास्त्र माहीत होतं.

आणि हे ज्ञान फक्त लोखंडाचं नाही. अहमदाबादची सिदी सय्यद मशीद १५७२-७३ सालची. तिच्या दगडी जाळ्या पाहायला जगभरातून लोक येतात. विजापूरच्या इब्राहिम रोझ्यात खिडक्यांच्या जाळ्यांत अक्षरंच कोरून आरपार केली आहेत. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादचा बीबी का मकबरा घ्या, तिथंही जाळी आहे. नीट पाहिलं तर दिसतं की इमारतीचं ओझं कमान आणि खांब पेलतात, जाळी कमानीच्या पोटात बसते. कारागिरानं हात मोकळा सोडला तो जिथं भार नव्हता तिथं. कमानीच्या दगडाला त्यानं भोक पाडलं नाही. त्या कारागिरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. बांधवून घेणाऱ्यांची माहीत आहेत.

कुरआन शरीफातली एक सूरह लोखंडाच्या नावाची आहे, अल-हदीद. सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या मोजमापानं जुळवण्याच्या हुकुमाचा उल्लेख येतो. पैगंबराला लोहारकाम शिकवलं गेलं आणि त्यातही माप सांगितलं गेलं. जुम्म्याच्या बयानात लोखंडाच्या या मापाविषयी आम्ही कधी ऐकलं नाही. उलट बिरादरीत लग्नाची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न, "मुलगा काय करतो?" आणि "लेथवर आहे" म्हटलं की पाहुण्यांच्या हातातला कप खाली ठेवला जातो. बाहेरचे लोक तर आपल्याला 'पंक्चरवाले' म्हणून हिणवतातच. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानं मुस्लिम समाज मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगतो हे आकड्यांनी मांडलं. पण तो आकडा आपण मागासलेपणाच्या रकान्यात वाचला. त्या धंद्यात काही विद्या असते, हा रकानाच कुठं नव्हता.

आता त्या कोरड्या तळ्यांवरच्या पोरांकडं पुन्हा पाहू. तीही काही खानदानी नव्हती. तेलकट हातांची, भंगारातून गाड्या उभ्या करणारी. वर्तमानपत्रं त्यांना मवाली म्हणायची, पोलीस त्यांच्या मागं असायचे. मग त्यांनी काय केलं? १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. नियम ठरवले, वेळ मोजली आणि कुणाची गाडी किती धावली ते कागदावर नोंदवलं. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी 'हॉट रॉड' मासिक सुरू केलं. कोणता भाग कसा कापायचा, कसा जोडायचा हे फोटोंसह छापून येऊ लागलं. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना काढली. १९६३ मध्ये टॉम वुल्फसारखा लेखक या गाड्यांवर लिहायला गॅरेजात गेला. १९९७ साली पेबल बीचच्या श्रीमंती प्रदर्शनात हॉट रॉडला स्वतंत्र वर्ग मिळाला. २०१४ साली तर अमेरिकन टपाल खात्यानं १९३२ च्या फोर्डवरून केलेल्या हॉट रॉडची तिकिटं काढली. मवाल्यांची गाडी टपाल तिकिटावर! त्यात पैशाचा, बाजाराचा वाटा आहेच, गोऱ्या कातडीचाही असेल. पण मूळ गोष्ट ही की त्यांनी स्वतःचं काम स्वतः लिहून ठेवलं.

त्या दिवशी वर्तुळं पुसल्यावर चाचांनी आमच्याकडं बराच वेळ पाहिलं. "हे कुठं शिकलात?" आम्ही अब्बांविषयी सांगितलं. ते उठले आणि कपाटातून वडिलांची वही काढून आणली. कोणत्या गाडीला कोणत्या मापाचं भोक, कुठला ड्रिल, काय बिघडलं, सगळं पेन्सिलीनं. एका पानावर ॲक्सलचं चित्र होतं आणि वळणावर फुली. नातवानं ती फुली पाहिली आणि खडू खाली ठेवला. मग चाचांनी साधेपणानं विचारलं, "तुमच्या वडिलांची वही असेल ना?"

अब्बांची वही आहे. आम्ही ती जपून ठेवली आहे. तिच्यात उधारी आहे. कुणाकडं किती येणं, कुणी किती दिले. ज्यांनी दिले नाहीत त्यांच्यापुढं अब्बांनी नुसता एक ठिपका दिला आहे. कधी तगादा लावला नसावा. भोकांविषयी एक ओळ नाही. चौथी शिकलेल्या माणसाला, दिवसाला बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला आपलं काम लिहिण्याजोगं आहे, असं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडं या शोभेच्या भोकांना रस्ता नाही, हेही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बनवणाऱ्यानं ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. आपल्या रस्त्यांवरची गर्दी आणि खड्डे पाहता ते योग्यच आहे. कुणी हा लेख वाचून घरच्या गाडीचा बीम ड्रिलखाली घेऊ नये. आमचं सांगणं भोकाविषयी नाही, भोक ओळखणाऱ्या हाताविषयी आहे.

१९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हापासून आपण खूप लिहिलं. तलाकवर, दंग्यांवर, संशयाच्या नजरांवर, मराठीवरच्या आपल्या हक्कावर. ते लिहिणं गरजेचं होतं आणि अजून आहे. पण गॅरेज, लेथ, भट्टी, रफूचं दुकान, पिंजाऱ्याची धुनकी, सायकलचं दुकान ही आपल्या लिखाणात येतात ती गरिबीचा पडदा म्हणून. त्या पडद्यापुढं माणूस रडतो. तो काम कसं करतो, हे मात्र येत नाही. आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी आल्यापासून ती दुकानं एकेक करून मिटत चालली आहेत. उस्ताद जातो तेव्हा त्याच्याबरोबर कुठं भोक पाडायचं नाही, हेही जातं.

म्हणून आम्ही दोघांनी एक नवी वही घातली आहे. अब्बांचं जे जे आठवतं ते तारखेशिवाय, क्रमाशिवाय लिहितो आहोत. पंच एकदाच मारावा, पण जागा तीनदा मोजावी. तेल वाचवणाऱ्याचा ड्रिल वाचत नाही. पलीकडं निघताना हात हलका. भेग दिसली तर तिच्या टोकाशी जा, मध्ये वेल्डिंग करत बसू नका. जिथं वजन बसतं तिथं गिऱ्हाईक कितीही बोललं तरी नाही म्हणा. आतापर्यंत एकेचाळीस पानं झाली आहेत. उद्यमनगरातले अब्बांच्या वेळचे दोन उस्ताद अजून हयात आहेत, येत्या रमजानपूर्वी त्यांच्याकडं जाऊन बसायचं ठरवलं आहे. ज्या वाचकांच्या घरात असा एखादा म्हातारा हात आहे, त्यांनीही त्याच्याजवळ वही घेऊन बसावं. तो आधी म्हणेल, "यात काय लिहायचंय?" तरी बसावं.